दाराबाहेरच्या सपाता

प्रणव, गाडीचे दिवे मालव. आणि सगळ्यांचे मोबाइल खिशात, यल्ला, चटकन. उजेडात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

आमच्या सुजीतची बायको लतिका. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतात; गणपतीत तिच्या हातचे मोदक चापून खाल्लेत तुम्ही. बाई उगाच काहीबाही सांगणाऱ्यातली नव्हे. गेल्या नोव्हेंबरात, कार्तिक अमावास्येच्या बुधवारी, रात्रीची, ईशाची अजान होऊन गेल्यावर ती विरजणासाठी दही आणायला खालच्या ग्रोसरीत गेली. सुजीत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, आपल्या फरसाणच्या कारखान्यात होता. घरात एकटा तनिष, त्यांचा एकुलता एक, नुकता अठराचा झालेला.

दह्याचा डबा घेऊन ती वर आली. दाराबाहेर त्यांच्या चपलांच्या रांगेत एक परका जोड होता. बाईच्या सपाता. काळ्या, लाकडी तळाच्या, ओल्या. पाहुणा आपल्याकडे पायातलं बाहेर काढून आत येतो ना, तशा नीट काढून ठेवलेल्या. टोकं दाराकडे.

लतिका उंबऱ्याबाहेरच थांबली. कारण त्या सपाता तिने आधी पाहिल्या होत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघं पोर्तुगालला गेली होती. समुद्राकाठचं जुनं कोळ्यांचं गाव. चुन्याने रंगवलेली घरं, वाळूत जाळ्यांवर वाळत घातलेली मासळी, फोटो काढणाऱ्यांची झुंबड. एका गल्लीत उंबऱ्यावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती, पायांत त्याच काळ्या, लाकडी तळाच्या सपाता. तनिष दिसला आणि तिने त्याचं मनगट धरलं. कुठलंसं नाव घेत रडत राहिली. सोडीचना. लतिकेला तिची कीव आली आणि भीतीही वाटली. पोराचा हात हळूच सोडवून घेत, आपण कुणालाही म्हणतो तसं ती हसून म्हणाली, "येतो आम्ही, आजी. तुम्हीही या हं आमच्याकडे."

म्हातारीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

रात्री मुक्कामाच्या घरमालकाकडे विषय निघाला. तो म्हणाला, ते घर कधीपासून बंद आहे. तिथल्या बाईचा मुलगा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. अठराचा होता. त्याची वाट बघत ती त्याच उंबऱ्यावर बसून राहिली आणि तिथेच गेली, घरमालकाच्या आजोबांच्या काळात. सुजीत हसला. लतिकेने देवाला नारळ बोलला, आणि तिच्या मते विषय खलास.

काय म्हणालीस अंतरा? "काका, डोंट"? आता डोंट काय. ऐक.

तर लतिकेने दार उघडलं. आत गारठा. एसी बंद होता. खारट वास...

"तनिष?"

त्याच्या खोलीतून झोपाळलेला आवाज आला. "ममा, युअर हँड इज सो कोल्ड. स्टॉप इट ना."

लतिका अजून दारातच उभी होती.

...

खोलीत अंधार. पलंगाच्या कडेला कुणीतरी बसलेलं. वाकलेलं. हात पोराच्या केसांत. उशी भिजलेली.

लतिका पलंगापर्यंत गेली.  मनात एकच आलं: ही आगंतुक नाही, हिला मी बोलावलंय. बोलावलेल्या माणसाला हाकलता येत नाही, त्याची पाठवणी करावी लागते. आणि माझं पोर मला हवंय.

निघणाऱ्याच्या हातावर आपण दही घालतो. डबा हातातच होता. तिने झाकण काढलं. झाकणावरच चमचाभर दही घेऊन पुढे धरलं. 

एक तळवा पुढे आला. बर्फासारखा.

मग ते उठलं. तिच्याजवळून गेलं. दाराबाहेर लाकडी टाचा वाजल्या. लतिका मागोमाग दारापर्यंत गेली. तनिष वाचला, एवढंच तिला कळत होतं.  आपोआप हात जोडले गेले. आणि जन्मभर प्रत्येक पाहुण्याला म्हणत आली, तेच तोंडून निघून गेलं...

"या हं."

आपल्यात "जा" कुठे म्हणतात, पोरांनो?

जिन्यात टाचा थांबल्या.

...

मग पुन्हा वाजल्या. सावकाश. खाली खाली.

जानेवारीत तिने तनिषला अल ऐनच्या कॉलेजात घातलं. तिथे समुद्र नाही, चारी बाजूंनी वाळू, एवढाच तिचा हिशेब. मीच गाडीने सोडला त्याला. गेल्या शुक्रवारी डबा घेऊन भेटायला गेलो. हॉस्टेलचा लांबलचक कोरडा कॉरिडॉर. त्याच्या दाराबाहेर त्याचे बूट होते. बुटांशेजारी फरशीवर दोन पांढरे ठसे. मी खाली वाकलो, बोट लावून जिभेवर टेकवलं.

मीठ.

लाकडी तळाएवढे ठसे. शेजारी शेजारी, नीट. टोकं दाराकडे.