से-रिनच्या दोन पायऱ्या

सतरा वर्षांची से-रिन वडिलांना जवळजवळ ओढतच शिमबाईंच्या ऑफिसात घेऊन आली. सोलमध्ये डिटेक्टिव्ह ढीगभर, पण पोरांच्या गेममधली भानगड निस्तरणाऱ्या शिमबाई एकट्याच.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पणजोबांच्या तिथीला ती घरच्यांबरोबर गावी आजोबांकडे गेली होती. परतली, तर गेमच्या क्रमवारीत ती दोन पायऱ्या वर. तिच्या खात्यावरून कुणीतरी भाड्याचा खेळाडू खेळून गेला होता. तिनं आपणहून संघाच्या कोचना सांगितलं, तर ते म्हणाले, पकडली जाशील म्हणून आता साळसूदपणा करतेस. उद्या व्यावसायिक संघाची निवड. डाग पुसला नाही तर ती कायमची बाद, आणि शाळा तर तिनं या खेळापायी आधीच सोडलेली.

"गी-हुनचंच काम," शिमबाईंचे सहकारी बांग म्हणाले. गी-हुन त्याच जागेचा दुसरा उमेदवार. बांगांचं हे नेहमीचंच, पहिला दिसेल त्याला बेड्या.

शिमबाईंनी बांगांना से-रिनच्या वडिलांबरोबर, जोंग-उंबरोबर, कॉफी आणायला पिटाळलं आणि पोरीला बोलतं केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर खातं उघडायचं तर तिच्या फोनवर आलेला कोड लागतो. पूजेच्या वेळी सगळ्यांचे फोन आजोबांच्या स्वयंपाकघरात टोपलीत होते. कोड आला तेव्हा पूर्वजांना निवांत जेवू देण्यासाठी दार ओढून सगळे ओसरीवर माना खाली घालून उभे होते, कोण आहे कोण नाही कुणी पाहिलं नाही. आजोबा तीनदा खाकरले की मगच आत जायचं, अशी रीत. पासवर्ड घरात दोघांनाच ठाऊक, बाबांना आणि धाकट्या काकांना. गी-हुन त्या संध्याकाळी इथे कोचसमोर खेळत होता.

शिमबाईंनी काकांना फोन लावला. आपण ओसरीवरच होतो, म्हणाले. आजोबांचा घसा त्याच दिवशी बसलेला, खाकरता येईना, म्हणून आत जाताना त्यांनी काठीनं दार ठोकलं. काकांना हसू फुटलं आणि त्यांनी बोलणी खाल्ली.

कॉफी आली. शिमबाईंनी सहज विचारावं तसं जोंग-उंना विचारलं.

"मी? ओसरीवरच की. आमचे वडील तीनदा खाकरले, मग आत गेलो. दरवर्षीसारखंच."

से-रिननं झटकन मान वर केली.

"बांग, गी-हुनला सोडा आता," शिमबाई म्हणाल्या. "कोड फोनवर आला, म्हणजे चोर त्या घरातलाच. काकांनी काठी ऐकली, म्हणजे ते ओसरीवर होते. यांनी दरवर्षीचं खाकरणं सांगितलं, कारण यंदाचं काही ऐकायला हे तिथे नव्हतेच. हे टोपलीपाशी कोड वाचत होते."

बांगांनी कप टेबलावर ठेवले. जोंग-उंचा चेहरा पार पडला.

"निवडीला दोनच पायऱ्या कमी पडत होत्या हिला," ते म्हणाले. "लोक सर्रास पैसे टाकून वर जातात. माझ्याच पोरीनं का मागे राहावं?"

शिमबाईंनी स्वच्छ सांगितलं, इथे हा गुन्हा आहे. कोचना फोन केला तर पोरगी सुटेल, पण बाप अडकेल.

"करा फोन," जोंग-उ म्हणाले.

से-रिन रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, गावाहून आल्यावर मी चढलेच असते."

"मला माहीत आहे गं."

"नाही. माहीत असतं तर तुम्ही पैसे दिले नसते."