पहिलं बटण

डोकं फिरलं होतं माझं. अंधेरीच्या त्या कीबोर्डच्या शोरूममध्ये केतन नावाच्या सेल्समनला मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, "अरे बाबा, स्टेजवर वाजवायचाय. ढोलकीचा ठेका दाखव." आणि हा मला बोसानोव्हा ऐकवतोय, तो ब्राझीलचा संथ ठेका. जयंतीच्या कार्यक्रमात बोसानोव्हा वाजवला तर घाटकोपरची पब्लिक खुर्च्या फेकेल. ढीगभर ठेके आत भरलेले, त्यातला एक कामाचा नाही. ज्यात देशी ठेके होते तो उचलायला दोन माणसं लागणार, आणि हलका होता त्याचा आवाज एकदम खेळण्यातला.

अरेंजर कीबोर्ड म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरायची, बाकी ढोलकी, बेस, सगळं तोच सांभाळतो. माझा जुना हळदीच्या कार्यक्रमात गेला. नवऱ्याच्या मामाने नाचता नाचता अख्खा सरबताचा ग्लास त्यावर उपडा केला. आणि यंदा कीबोर्ड नसून चालणारच नव्हतं. माझी बायको सुलक्षणा इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गायन पार्टीत कोरसला उभी राहिली. यंदा आमची स्वतःची पार्टी होती. बॅनरवर मोठ्या अक्षरांत पहिल्यांदाच तिचं नाव होतं, आणि तो बॅनर घरी आणून ती रोज उलगडून बघत होती.

"दशरथ, मुलुंडला एक जण विकतोय," विकी म्हणाला. विकी आमचा ढोलकीवाला. "झकास पीस आहे. जाऊन तर बघ."

गेलो. नीटनेटका फ्लॅट, खिडकीत तुळस, हॉलमध्ये स्टँडवर कीबोर्ड, वर कापड झाकलेलं. श्यामकांत नावाचे गृहस्थ, वयाने माझ्याहून थोडे मोठे. मी वाजवून बघितला आणि खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. ढोलकी अशी की विकीने ऐकली असती तर हेवा केला असता.

"घरात गाणारं कुणी आहे?" श्यामकांतनी विचारलं.

"बायको गाते. काळी चारच्या पट्टीत."

आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली. ट्रे ठेवला आणि न विचारता तिने कीबोर्डवरचं मेमरीचं पहिलं बटण दाबलं. स्क्रीनवर नाव आलं, कुंदा. मी एक ओळ वाजवली. साधा हार्मोनियमचा टोन होता, पण ओळीच्या आधी गाणारी बाई दम घेते तसा श्वास ऐकू आला.

"हे काय आहे?"

"टोनच तसा आहे," श्यामकांत म्हणाले. "कुंदा बोलत नाही. गळ्याचा त्रास."

ती उभीच होती. माझ्याकडे बघत होती, एकटक.

आमच्या धंद्यात रीत आहे. कीबोर्ड विकताना आपली सगळी सेटिंग पुसून द्यायची. मी तसं म्हटलं. "बाकी सगळं पुसलंय," ते म्हणाले. "तेवढं एक जात नाही. तुम्ही त्यावर तुमचं सेव्ह करा, म्हणजे जाईल."

दुसरी रीत म्हणजे पहिलं बटण घरच्या गायिकेचं. तिची पट्टी, तिचा ठेका त्यावर साठवायचा, म्हणजे स्टेजवर एक बोट लावलं की काम झालं. घरी आल्या आल्या मी तेच केलं. काळी चार लावली, ठेका लावला, नाव टाकलं. बदलायचं का, असं मशीनने विचारलं. सुलक्षणाने हसत स्वतःच 'हो' दाबलं.

प्रॅक्टिस मस्त चालली होती. फक्त एका गोष्टीवर माझी सटकली. सुलक्षणा अंतऱ्याच्या आधी दम दोन तुकड्यांत घेते, आधी छोटा, मग मोठा. ती तिची जुनी खोड.

"दम माईकमध्ये येतोय गं! किती वेळा सांगायचं?"

"माझा माईक बंदच आहे रे," ती म्हणाली.

तिने माईक वर करून दाखवला. वायर पलंगावर पडली होती. मी तीच ओळ पुन्हा वाजवली. स्पीकरमधून दम आला. आधी छोटा, मग मोठा.

विकीने ढोलकी बाजूला ठेवली. "बंद कर यार."

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाचा आवाज बसला. ज्येष्ठमध, गुळण्या, हळदीचं दूध, सगळं झालं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. गळा साफ आहे म्हणाले. साफ आहे तर आवाज कुठे गेला? हे विचारलं तर विश्रांती घ्या म्हणाले. विश्रांती काय घ्या, रविवारी कार्यक्रम! शेवटी वैतागून मी तिच्यावरच ओरडलो. तिने उलटून ओरडायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. कुजबुजसुद्धा नाही. मग ती रडली, तेही बिनआवाजाचं.

मी पहिलं बटण पुसलं. मशीन बंद करून चालू केलं तर स्क्रीनवर सुलक्षणा. माझं नाव टाकलं. विकीचं टाकलं. परत सुलक्षणा. आम्ही दोघं गातोच कुठे?

श्यामकांतना फोन लावला. बाईने उचलला. मोकळा, भरलेला आवाज.

"ते बाहेर गेलेत. मी कुंदा बोलतेय."

मीच तो कीबोर्डवाला, हे मी न सांगताच तिने ओळखलं.

"पुसत बसू नका," ती हळू म्हणाली. "आम्हीही खूप पुसलं. विकायला काढा." फोन ठेवता ठेवता ती काहीतरी गुणगुणत होती. काळी चारमध्ये.

जाहिरात टाकली. पण मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, येईल त्याला खरं सांगायचं. बाबा रे, घेऊ नकोस. आपल्यावर आली ती दुसऱ्यावर कशाला?

आज बोरिवलीहून मिहिर आला. सोबत बहीण, रुचिरा. जिना चढताना ती गुणगुणत होती, ते मी दारातूनच ऐकलं.

"देशी ठेके आहेत ना?" मिहिर म्हणाला. "शोरूमवाल्यांनी डोक्याची मंडई केली यार."

कोपऱ्यात बॅनरची गुंडाळी उभी होती. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"घरात गाणारं कुणी आहे?" मी विचारलं.

"मी आहे ना!" रुचिरा हसली.

सुलक्षणा पाणी घेऊन बाहेर आली. तिने ट्रे ठेवला. पहिलं बटण दाबलं.

मिहिरने एक ओळ वाजवली. दम आला. आधी छोटा, मग मोठा.

"किती खरा वाटतो," रुचिरा म्हणाली.

सुलक्षणा कीबोर्डकडे बघतच नव्हती. ती रुचिराच्या गळ्याकडे बघत होती.