ठोंब्याचा कोंडा

मिरजेच्या त्वचाजीव प्रयोगशाळेत डॉ. विश्राम कोरगावकरांनी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याखाली काळा कागद धरला आणि त्याच्या पाठीवरून फणी फिरवली. कागद कोरा. एक कण पडेल तर शपथ.

ठोंब्याचे डोळे गेलेले, कानही गेलेले. त्याच्या कोंड्यापायी कोरगावकरांनी तीन शांपू बदलले, माशाचं तेल पाजलं, रोज ब्रश केला. शेजाऱ्यांचं ऐकून खोबरेल चोपडलं, तेव्हा नुसत्या सोफ्याला तकाकी आली. शेवटी त्यांनी स्वतःच एक जंतू घडवला, कोंडभक्षी. गळायला आलेली मेलेली कातडी तेवढी तो खायचा, जिवंत कातडीला तोंड लावायचा नाही. आठ दिवसांत ठोंब्याची खाज थांबली आणि अंगावर तरुणपणीचे केस आले.

झालं, नगरमंडळानं ठोंब्याचा सत्कार ठेवला. शाल त्याच्या पाठीवर दहा मिनिटं राहिली. मग रीतीप्रमाणे एका कार्यकर्त्यानं ती गुपचूप घडी घालून पुढच्या सत्काराला नेली. दिवस सत्कारांचेच होते. महिन्याभरात त्या एका शालीनं एकशे चाळीस सत्कारमूर्ती कोंडामुक्त केले आणि त्यांच्या गळाभेटींनी उरलेलं गाव. लोक खांदे न झटकता काळे शर्ट घालून हिंडायला लागले.

आणि एका सकाळी दूधभात पुढं ठेवणाऱ्या कोरगावकरांच्या हाताला ठोंब्या कडकडून चावला.

हाताला पट्टी बांधून ते गंधतज्ज्ञ हेमलता शिरगुप्पेंकडं गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो कोरगावकर, माणसाचा वास हवेत जातो कशावर बसून? अंगावरून गळणाऱ्या बारीक कणांवर. ते तर तुम्ही गळायच्या आतच संपवलेत."

"आणि घाम?"

"घामाला वास आणणारे जंतू त्याच कणांवर जगतात. ते उपाशी मेले. आता ठोंब्याच्या लेखी तुम्ही म्हणजे हवेतून येणारे दोन परके हात."

कोरगावकर म्हणाले, मग कोंडभक्षीच मारून टाकू. बाईंनी आठवण करून दिली की औषधाला दाद देणार नाही असा तो त्यांनीच घडवलाय. खायला मिळालं नाही तरच मरेल, म्हणजे कातडी गळायची थांबायला हवी.

"आणि ती कधी थांबते, हेमलताबाई?"

बाईंनी चहा मागवला.

त्या आठवड्यात ठोंब्या घरातून निघून गेला. कोरगावकरांना तो सापडला निवृत्त हेडमास्तर आवटींच्या ओट्यावर. आवटी इतके खडूस, की अख्ख्या मिरजेत ज्याचा एकदाही सत्कार झाला नाही असा तो एकच माणूस. गळाभेटीचा तर प्रश्नच नव्हता. गावातली सगळी कुत्री त्यांच्या ओट्याखाली दाटीनं बसून नाकं वर करून हुंगत होती. एवढ्या गावात त्यांना आता हा एकच माणूस उरला होता.

आवटी काठी घेऊन उभे होते. पण ठोंब्यानं शेपूट हलवली, आणि तीस वर्षांत कुणी आपल्याला बघून खूश झालेलं त्यांना आठवेना. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"काय रे गाढवा, माझ्याकडं कसा आलास?" असं म्हणत ते खाली वाकले.

हात लावू नका, असं सांगायला कोरगावकरांनी तोंड उघडलं. ठोंब्याची शेपूट अजून हलत होती. आवटींनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कोरगावकर मनात दिवस मोजायला लागले. आठ.