गाठसोडवण

मानवजातीने भीतीवर अंतिम विजय मिळवला आहे, असे मंत्रिमहोदयांनी साताऱ्याच्या मैदानावर जाहीर केले. विजय म्हटला की फटाके आलेच. ते वाजले आणि पहिल्या रांगेतले सगळे माजी सैनिक खुर्च्यांखाली गेले. भीती घालवणारा तो नवा उपचार त्यांच्यावर अजून व्हायचा होता, हे माळ लावणाऱ्याला कुणी सांगितले नव्हते.

खुर्च्यांखाली हवालदार विलास फडतरेही होता. युद्धात त्याचा सोबती लक्ष्मण शेडगे त्याच्या शेजारीच तोफगोळा पडून गेला. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली, की विलास आपल्या लहानग्या पोरीला खाली पाडून तिच्यावर पालथा पडे. तिला वाचवायला. त्यात परवा पोरीचा हात मोडला.

तरी उपचाराला तो तयार नव्हता. लक्ष्मणचा शेवट पाहिलेला तो एकटाच. लक्ष्मणची आई कोंडाबाई दर वर्षी त्याच्या तिथीला भाकरी बांधून येई आणि म्हणे, "सांग." तो सांगू लागे. ठरावीक जागी त्याचा आवाज बसे, अंग थरथरे. कोंडाबाई पाठीवर हात फिरवी, "ऱ्हाऊ दे, इलास." मग दोघे रडत.

शेवटी कोंडाबाईच हा उपचार करणाऱ्या डॉ. शर्वरी उपासनींसमोर जाऊन बसली.

"माझा लक्षुमन इलासच्या डोक्यातनं काढणार का वो, बाई?"

"नाही, मावशी. मेंदूत बदामाएवढी एक जागा असते, ती धोक्याची घंटा वाजवते. विलासच्या आठवणीची आणि त्या घंटेची निरगाठ बसलीय. आठवण काढली, की गाठ थोडा वेळ सैल पडते, मग पुन्हा आवळते. सैल असतानाच औषध दिलं, की आवळतच नाही. ही आमची गाठसोडवण. आठवण जशीच्या तशी राहते. घंटा तेवढी बंद."

"मंग सोडा. पोरीचं हात मोडून माझा लक्षुमन थोडाच येतोय?"

उपचार उत्तम झाला. कुकर वाजला, विलास पेपर वाचत राहिला. बायको आनंदाने रडू लागली. त्याने मान वर करून विचारले, "डाळ करपली का?"

तिथीला कोंडाबाई आली. फडके सोडून तिने भाकरी त्याच्यापुढे मांडली. "सांग, इलास."

विलास जेवता जेवता सांगू लागला. ती ठरावीक जागा आली. कोंडाबाईने सवयीने हात उचलला. विलास थांबलाच नाही.

"पाय तिकडं पडलेले, हा इकडं. शुद्धीत होता. तुम्हालाच हाका मारत होता, मावशी. बराच वेळ. मग आवाज बसला, पण ओठ हलत होते."

हात तसाच अधांतरी राहिला. विलासने भाकरीचा तुकडा मोडला.

"तेवढी शेंगदाण्याची चटणी इकडं सरकवता का?"