बेटावरचा शिंपी

सकाळी नावाडिणीची होडी बेटाला लागली, तेव्हा एक अनोळखी माणूस पाठीवर गोणी टाकून, शीळ घालत तिच्याकडेच येत होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसांत वाळू, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू नदीनं आवतण धाडूनच त्याला बोलावलं होतं.

"नमस्कार ताई! काल रात्री उशिरा त्या समोरच्या घरात उतरलो. पाणी उथळ दिसलं, चालतच आलो."

समोरचं घर म्हणजे तिच्या आत्याचं. दोन खोल्या पाहुण्यांसाठी, एक दोघींसाठी.

"म्हटलं, एवढं देखणं बेट... नुसतं बघून कसं जायचं? जरा साफ करून ठेवावं."

त्यानं मोठ्या कौतुकानं गोणी उघडली. आत रिकाम्या बाटल्या होत्या, एक फाटकी चप्पल होती, आणि खाली... काठ्या. चिंध्या बांधलेल्या काठ्या. तिच्या हातचं वल्हं गळून पडलं.

"अहो दादा, काय करून बसलात हे!"

"चिंध्याच तर होत्या. मी शिंपी आहे, मला कुठं चिंधी लोंबलेली बघवत नाही. हात शिवशिवतात."

"एकेका चिंधीपाशी अंडी आहेत!"

शिंपी एक पाय हवेतच ठेवून थिजला. "क... कुठं?"

"आता ते मला तरी कुठं दिसतंय?"

बेटावर सुरय पक्षी येत. काळी टोपी, पिवळी चोच, कात्रीसारखी शेपटी. घरटं म्हणाल तर उघड्या वाळूतला खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. पायाखाली आल्यावाचून कळू नयेत अशी. दर हंगामात नावाडीण ती शोधी, शेजारी काठी रोवी, आणि मगच पाहुण्यांना बेटावर आणी. आत्या दारात बसून गुणगुणायची:

वाळूच्या गं बेटावरी
पाखराचं गं अंगण
आल्या पाहुण्याला सांगा
हळू टाक रे चरण

आणि उद्या सुट्टी. दोन्ही काठांवरून होड्या भरभरून येणार. खुणा नसतील तर संध्याकाळपर्यंत बेटावर नुसती टरफलं उरतील.

"रोवल्याची भोकं असतील ना?" त्यानं आशेनं विचारलं.

"कोरडी वाळू ती. काठी उपटली की बुजलीच. आलात त्याच पावलांवरून परत या. होडीत बसा. आपण लांब गेलो तरच आया अंड्यांवर येतील. जिथं बसतील ती जागा डोळ्यांत धरायची."

तो एकेक पाऊल असं टाकत आला, की एवढा राग असूनही तिला हसू फुटलं.

होडी तिनं पाणगवताच्या आडोशाला नेली. ऊन चढू लागलं.

"बोलायचं नाही," ती कुजबुजली.

"किती वेळ?"

"पाखरं म्हणतील तेवढा."

"कुजबुजलं तर?"

"ते बोलणंच."

तो गप्प बसला. पण त्याचे डोळे काही गप्प बसेनात... ते तिच्या बाहीवर खिळले. बटण एका धाग्यावर लोंबत होतं. त्यानं बोट दाखवलं. तिनं डोळे वटारले. त्यानं कॉलरखालून सुई काढली — ओवलेली! — आणि हात जोडले. तिनं मनगट पुढं केलं, आणि नजर बेटावर ठेवली.

एक सुरय उतरली. मग दुसरी, तिसरी. ती प्रत्येकीची जागा मनात टिपत होती — हिच्यामागं काळा दगड, तिच्यापुढं गवताचा पुंजका... सुई आत जात होती, बाहेर येत होती, आणि एकदाही टोचली नाही. मग दात लावून धागा तोडायला तो वाकला. त्याचा श्वास मनगटावर आला.

तेवढ्यात एक सुरय कुठंतरी उतरली. कुठं, ते तिनं पाहिलंच नाही.

उन्हं कलल्यावर दोघांनी काठ्या परत रोवल्या. ती पुढं, तो तिच्या पावलांत पावलं ठेवून मागं. शेवटी एक काठी हातात उरली.

"ही माझ्यामुळं राहिली," ती म्हणाली. आवाज ओला झाला. "माझं लक्ष... दुसरीकडं होतं."

"कुठं होतं?"

"पुन्हा विचाराल तर नदीत ढकलेन."

ते पुन्हा होडीत जाऊन बसले. ती गुडघ्यांत मान घालून. आणि एकाएकी त्यानं तिचं मनगट धरलं — त्याच बाहीवर. चोचीत मासा घेऊन एक नर पाण्यावरून येत होता. बेटावर एक घिरटी, दोन... आणि वाहून आलेल्या एका ओंडक्याशेजारी उतरून त्यानं मासा पुढं केला. रिकाम्या वाळूतून एक पिवळी चोच वर आली आणि तिनं तो अलगद घेतला.

शेवटच्या काठीची जागा सापडली. मनगट मात्र त्यानं सोडलं नाही, आणि तिनं सोडवलं नाही.

"एक उपकार कराल?" परतताना तो म्हणाला. "मला दादा म्हणू नका."

"तुम्हीच आधी ताई म्हणालात!"

"चुकलो. आज चुकायचाच दिवस होता."

दुसऱ्या दिवशी होड्या आल्या. काठ्यांच्या अलीकडं अनवाणी शिंपी उभा होता, आणि पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगत होता — "इथूनच बघा. ओंडक्यापाशी. दिसली? नाही? मग बसा निवांत, ती दिसू देईल तेव्हा दिसेल." माणसं खरंच बसत होती. हळू बोलत होती. एका आजींनी विचारलं, "तू इथलाच का रे बाळा?"

"नाही आजी. मी तर कालचा गुन्हेगार."

संध्याकाळी शेवटची होडी गेली. प्रत्येक काठी जागच्या जागी होती. सुरया हळूहळू परतल्या, एकेक करून वाळूत मिसळून गेल्या. ती बघत राहिली. मन असं भरून आलं होतं, की देवाचे आभार मानावेत की या वेंधळ्या माणसाचे, कळेना.

"फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली.

"माझे? अहो, मीच उपटल्या होत्या!"

"उपटणारे खूप येतात. परत रोवायला कुणी थांबत नाही."

तो वाळूत बोटानं रेघा ओढू लागला. "उद्याची माझी गाडी आहे. पुढं आणखी दोन गावं बघायची ठरवली होती... घाईघाईनं. पिल्लं कधी निघतील?"

"निघतील. वेळ आहे अजून."

"तेवढे दिवस आत्याबाई खोली देतील?"

"खोली देतील. पण घरातले सगळे पडदे उसवलेत, ते शिवून घेतील."

"आणि पडदे शिवून झाले... पिल्लं उडाली... मग?"

नावाडिणीनं होडी पाण्यात लोटली. आत बसली. एक वल्हं स्वतः घेतलं, दुसरं त्याच्या हातात दिलं.

"मग पाहुणा म्हणून राहू नका," ती पाण्याकडं बघत म्हणाली. "पाहुण्याला परत जावं लागतं."

त्यानं वल्हं पाण्यात घातलं. उलटं. होडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली, आणि त्या गिरकीत ती इतकी हसली... पण बेटाकडं लक्ष जाताच तिनं तोंडावर हात धरला, आणि मग दोघंही आवाज न करता हसत राहिली.