सोबतीचा गोटा

शिरूर तालुक्याच्या रक्तातच संगीत आहे, असं सतीशने निरोपाच्या भाषणात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. तालुक्याच्या रक्तात नेमकं काय आहे हे दरवर्षीच्या मोफत तपासणी शिबिरात निघतं, आणि ते संगीत नसतं. इथलं संगीत म्हणजे लग्नसराईतला डीजे, तोही लाईट गेली की मुका. पण प्रसंगच तसा होता. तीन मुली परदेशी निघाल्या होत्या. नोकरीला नाही, शिकायला नाही, पॉप तारका व्हायला.

सतीश सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. पार्ट हातात घ्यायचा, मापाच्या गेजला लावायचा, पास किंवा रिजेक्ट. जगात तिसरी पेटी नसते अशी त्याची पक्की समजूत होती. बायको अंकिता म्हणे, "भाकरीला तेवढं गेज लावू नका म्हंजी झालं."

त्याची एकुलती एक तेजश्री बारावीला जायची होती. तिच्याबरोबर हन्ना, मिशन कंपाउंडातल्या येशुदास सरांची मुलगी. सर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तिसरी नीलम, मूळची दौंडची, रेल्वेतल्या ड्रायव्हरची पोर, शिरूरला मामाकडे राहून शिकणारी आणि तोंडाने तिखट. तिघी गच्चीवर पाण्याच्या टाकीला मोबाईल टेकवून नाचायच्या. ग्रुपचं नाव 'घोडनदी थ्री'. एक रील बऱ्यापैकी चाललं आणि पुण्यातल्या एका एजन्सीने त्यांची दक्षिण कोरियातल्या बुसानला, उन्हाळी पॉप शिबिरासाठी 'निवड' केली. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची निवड होते, हे सतीशला कळत होतं. पण तेजश्री दोन दिवस जेवली नव्हती, आणि त्यापुढे कळण्याला काही अर्थ राहत नाही.

चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे कलिंगडाएवढे आणि तिघींचे कलिंगडाच्या बियांएवढे.

निघायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी होती. सतीशची थोरली बहीण नकुशी, म्हणजे सगळ्यांची आक्का, बॅगांभोवती फिरत होती.

"किती जणी चालल्या?" तिने माहीत असून विचारलं.

"तिघी."

"तीन तिगाडा, काम बिगाडा. चांगल्या कामाला तिघींनी निघू न्हाई."

"एजन्सीच्या मॅडम आहेत की बरोबर," अंकिता म्हणाली.

"ती पुण्याची. ती आपल्यात कशी धरायची?"

यावर आपल्याकडे तोड आहे. सोयरीक बघायला तिघं निघाले, की एकजण खिशात खडा टाकतो. तो चौथा. काम झालं की तो जिथून उचलला तिथं ठेवायचा. खडा बोलत नाही, जेवत नाही, मानपान मागत नाही, त्यामुळे पुष्कळ पाहुण्यांपेक्षा बरा. आक्का घोडनदीच्या पात्रात उतरली आणि मुठीएवढा काळा, गुळगुळीत गोटा घेऊन आली. धुतला, हळदकुंकू लावलं आणि तेजश्रीच्या बॅगेत ठेवला.

"आमच्यात हे नाही," येशुदास सर म्हणाले, "पण असू द्या. विमानवाले वजन करतात, तेवढं बघा."

"हिचं नाव काय?" नीलमने विचारलं. "बिननावाची मेंबर नको बाबा. म्हाळसा! आपली मेन डान्सर."

"ए पोरी! नाव न्हाई द्यायचं."

"का पण?"

"न्हाई देत. आन् देवीचं नाव दगडाला?"

"आत्या, देव तरी कशाचे असतात?" तेजश्री म्हणाली.

सगळे हसले. सतीशला विनोद इतका आवडला की त्याने भाषणाचा शेवट त्यावरच केला. "तेजश्री, हन्ना, नीलम आणि म्हाळसा, या चौघींना शिरूरकरांतर्फे शुभेच्छा!" त्या भाषणातला सगळ्यात मोठा हशा तिथे पिकला. आक्का तेवढी हसली नाही. ती बॅगेकडे बघत होती.

पहिल्या आठवड्यात सगळं मजेत होतं. संध्याकाळी चहाच्या वेळेला व्हिडिओ कॉल यायचा. खोलीत चार पलंग. चौथ्याच्या उशीवर गोटा, त्याला खेळण्यातला गॉगल. "म्हाळसाला जेट लॅग झालाय," नीलम सांगायची. अंकिता पोट धरून हसायची.

मग एकदा उशी मोकळी दिसली. सतीशने विचारलं नाही. दगडाची चौकशी कोण करतो?

"पप्पा, आमची चौघींची रचना बसवलीये," तेजश्री म्हणाली. "तिघी नाचलो की मध्ये भोक पडतं म्हणतात."

तिने सरावाचा व्हिडिओ पाठवला. तिघी नाचत होत्या, मध्ये एक जागा सोडून. त्या जागेत एकदाही कुणाचा पाय पडत नव्हता. हात त्या जागेच्या कडेने वळून जात होते, जसे आपण गर्दीत ओळखीच्या माणसाला चुकवतो. शेवटी तिघी थांबल्या, धापा टाकत हसल्या, आणि हन्नाने हात पुढे करून हवेतली एक बट हलकेच मागे सारली.

सतीशने तो व्हिडिओ अंकिताला दाखवला. "किती छान बसवलंय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी येशुदास सरांचा फोन आला. "सतीशराव, जरा चर्चमध्ये येऊन जाता का? विशेष काही नाही." विशेष काही नसताना माणूस कामावरून घरी जाणाऱ्याला चर्चमध्ये बोलावत नाही.

दुपार उतरत होती. चर्चमध्ये दगडी गारवा आणि जुन्या लाकडाचा वास. सरांनी मोबाईल ऑर्गनवर ठेवला आणि मुलींनी शिबिरातून पाठवलेलं गाणं लावलं. मग एकेक सूर ऑर्गनवर धरून दाखवला.

"ही माझी हन्ना. ही वरची नीलम. ही तुमची तेजू. तीन झाल्या ना?" त्यांनी खालचा एक सूर दाबला आणि दाबूनच ठेवला. "मग ही कोण?"

"मशीनवर करतात हो सर हल्ली. एकाचे दहा आवाज काढतात."

"मशीन श्वास घेत नाही." सरांनी गाणं पुन्हा लावलं. "ऐका. प्रत्येक ओळीच्या आधी."

सतीशने ऐकलं. ओळीच्या आधी कोणीतरी हवा आत ओढत होतं, खोलवर, सावकाश. खूप दिवस पाण्याखाली राहून वर आल्यासारखं.

"मी हन्नाला विचारलं," सर म्हणाले. "ती म्हणाली, पप्पा, म्हाळसाचा आवाज आहे, अजून कोणाचा असणार? थट्टा करत होती असं वाटलं नाही मला. मी प्रार्थना करतो. तुमच्यात काय करतात?"

आपल्यात काय करतात हे सतीशला आठवेना.

त्याने त्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावला. नीलमने उचलला.

"म्हाळसा कुठंय?" त्याने थट्टेचा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"ही काय." नीलमने मोबाईल वळवला. चौथा पलंग. चादर, त्यावर कोणी बसल्यासारखा खोलगट खड्डा. "दिसली ना, काका?"

समोर कोणी नव्हतं. "दिसली," सतीश म्हणाला.

"आणि तेजू?"

तेजश्री भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने मान वळवली, पण फार हळू.

"हात गार पडतात पप्पा. एसीमुळे असेल. पाय पण जड झालेत. मला आता घामच येत नाही." मग ती हसली. "काळजी करू नका. मला जमत नाही तिथं म्हाळसा माझ्या स्टेप करते."

"तेजू, तो गोटा फेकून दे. आत्ताच्या आत्ता. खिडकीतून फेक."

"कसला गोटा?" तेजश्रीने विचारलं.

सतीशने एजन्सीला फोन लावला. मुलगी आजारी आहे, परत पाठवा. एजन्सीची बाई मधाळ होती. शिबीर अर्धवट सोडता येत नाही, डॉक्टरांनी बघितलंय, थोडा अशक्तपणा आहे. "आणि सर, चौघी अगदी मजेत आहेत."

"तिघी," सतीश म्हणाला.

"हो सर, चौघी."

त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. तो कधी गुजरातच्या पुढे गेला नव्हता. कॅलिपर हातात असलेल्या माणसाला समुद्रापलीकडचं काही मोजता येत नाही, हे त्याला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तो आक्काकडे गेला. ती शेंगा फोडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दाणे सुपात टाकत राहिली.

"नाव दिलं की त्याला माणसात धरतात," ती म्हणाली. "म्हणून देत न्हाईत."

"आता काय करायचं?"

"करायचं काय? तीन माणसं आन् एक दगड गेला. तीन माणसं आन् एक दगड माघारी आला पायजे. मोजदाद जुळली की झालं."

"पण आक्का, कोणती तीन?"

आक्काने शेंग फोडली. आत दाणाच नव्हता. तिने टरफल बाजूला टाकलं.

"ते आपल्या हातात कुठंय, सत्या."

शिबीर संपलं, विमान मुंबईला उतरलं. तिथून रेल्वेने दौंड, कारण नीलमच्या वडिलांचा सगळ्या प्रवासांवरचा उपाय रेल्वे हाच होता. तिन्ही घरं दौंडच्या फलाटावर जमली. ऊन मी म्हणत होतं. नीलमची आई हार घेऊन उभी, येशुदास सर टोपीने वारा घेत उभे, अंकिताने डब्यात पुरणपोळ्या आणलेल्या.

गाडी थांबली.

नीलम उतरली. उतरताच म्हणाली, "हार एवढाच?"

हन्ना उतरली. सरांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि सोडेचनात.

तिसरी मुलगी उतरली.

तिच्या अंगात तेजश्रीचा पिवळा टॉप होता. पाठीवर तेजश्रीची बॅग होती. अंकिता धावत गेली आणि तिला मिठी मारून रडायला लागली. "किती वाळलीस गं! किती काळवंडलीस!"

मुलीने अंकिताच्या खांद्यावरून सतीशकडे बघितलं. "पप्पा," ती म्हणाली, आणि श्वास घेतला. खोलवर, सावकाश.

नाक तेच. हनुवटी तीच. कुठल्याही गेजला पास झाली असती. बाप मुलीला कशावरून ओळखतो हे त्याला सांगता आलं नसतं. पण ही ती नव्हती, एवढं त्याला उन्हासारखं लख्ख दिसत होतं.

"चौथी कुठंय?" त्याने नीलमला विचारलं.

"कोण चौथी? तिघीच तर होतो, काका. तुम्हाला ऊन लागलं."

शिरूरच्या रस्त्याला लागल्यावर अंकिताचा डोळा लागला. सतीशने गाडीच्या आरशात बघितलं. मागे मुलगी काचेला डोकं टेकून बसली होती.

"म्हाळसा," तो अगदी हळू म्हणाला.

"हं?" मुलीने लगेच विचारलं. मग ती पुन्हा बाहेर बघायला लागली.

घरी आल्यावर त्याने बॅग उघडली. तळाशी, तेजश्रीच्या ओढणीत गुंडाळलेला गोटा होता. गेला होता त्यापेक्षा फिकट, थोडा लांबट. त्याने तो हातात घेतला. बाहेर एवढी आग, आणि गोटा गार होता. ताप उतरल्यावर कपाळ लागतं तसा.

तो गोटा पोटाशी धरून झोपला. अंकिताने कड बदलली.

सकाळी हात रिकामा होता.

आक्का ओट्यावर पाय धूत होती. पायांना नदीची वाळू.

"ठिवून आले जिथल्या तिथं. रीत हाय."

"कुठं? आक्का, नेमका कुठं ठेवलास?"

"गोट्यांत गोटा. कुठं म्हंजी?"

तो अनवाणी पळाला. उन्हाळ्याने घोडनदीचं पात्र उघडं पडलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत गोटेच गोटे, फिकट, काळे, लांबट, गुळगुळीत. केसभर फरक बोटाने ओळखणारा माणूस. त्याने एक उचलला, दुसरा उचलला, विसावा उचलला. सगळे गार होते. सगळे पास होते.

पुढे 'घोडनदी थ्री' चाललं नाही. नीलम नर्सिंगला गेली. हन्ना चर्चमध्ये गाते, सर तिला तीनच आवाजांची गाणी देतात. घरातली मुलगी चांगली आहे. अभ्यास करते, भाकरी गोल थापते, सतीशला वेळेवर चहा देते. अंकिता म्हणते, परदेशी जाऊन आल्यापासून पोरगी शांत झाली. सतीश सुट्टीच्या दिवशी नदीला जातो. लोकांना वाटतं वाळूच्या ठेक्याच्या मागे आहे.

शिबिराच्या शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ अजून इंटरनेटवर आहे. त्यात चौघी दिसतात. गाण्याआधी एकेक जण पुढे येऊन आपलं नाव सांगते. सगळ्यात शेवटी, कडेला बसलेली एक मुलगी उठायचा प्रयत्न करते, उठवत नाही तेव्हा बसूनच, फार हळू सांगते, "तेजश्री. शिरूर." मग गाणं सुरू होतं आणि कॅमेरा तिच्याकडे पुन्हा वळत नाही.

व्हिडिओला एकूण दोनशे दहा व्ह्यूज आहेत. त्यातले दोनशे सतीशचे.