दोन जुलैचं पान

इंटरनेटवरचं एखादं पान नेमकं कधी लिहिलं गेलं, हे शोधून देणं हा माझा जोडधंदा. यवतमाळच्या एका कॉलेजात मी संगणक शिकवते, आणि वकील मंडळी अडली की माझ्या घरी येतात. पानाच्या डोक्यावर छापलेली तारीख खरी असते, असं त्यांना मनापासून वाटतं. काळे कोट घालून फिरणारी, शिकलीसवरलेली माणसं! ती तारीख कोणीही हवी ती टाइप करू शकतो. मी तिच्याकडे बघतही नाही. मी सर्व्हरला विचारते, ही फाइल शेवटची कधी बदलली. जुन्या पानांच्या प्रती साठवणारा एक संग्रह इंटरनेटवर आहे, तो चाळते. खोटं बोलणारा एक तारीख बदलतो आणि बाकीच्या विसरतो. दहा वर्षांत मला एकही हुशार खोटारडा भेटलेला नाही.

२०१७च्या ऑक्टोबरात काळबांडे वकील तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सांभाळत माझ्याकडे आले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारी माणसं पंपाची नळी वर धरून फवारत आणि औषध त्यांच्याच तोंडावर येई. जिल्ह्यात रोज कोणी ना कोणी दवाखान्यात भरती होत होतं. कोणाची नजर जात होती, कोणी परत येत नव्हतं. काळबांडे एका औषध कंपनीचे वकील होते. आर्णी तालुक्यातल्या लोणझरीचा रामधन १३ सप्टेंबरला फवारणीने मेला आणि त्याच्या बायकोने कंपनीवर दावा लावला होता.

"त्या गावात एक रिटायर मास्तर आहे, अश्वजित नावाचा," काळबांडे म्हणाले. "त्यानं गावाच्या वेबसाइटवर एक पान टाकलं. म्हणतो, दोन जुलैलाच लोकांना सावध केलं आणि कंपनीलाही कळवलं. मॅडम, हे पान रामधन मेल्यावर लिहिलेलं आहे. तेवढं शास्त्रीय भाषेत लिहून द्या."

"आधी बघू तर द्या."

"बघा ना. बघून तेच लिहा."

मी पान उघडलं. भडक हिरव्या पट्टीखाली तारीख, २ जुलै २०१७. त्याखाली एकच ओळ: 'खालिल लोकांनी या खरिपात कपाशीवर औषध फवारनी करु नये.' मग बारा नावं. कारण नाही, आधार नाही. एका ओळीत तीन चुका, आणि हा माणूस तीस वर्षं पोरांना मराठी शिकवत होता! आमच्या घरी उर्दूमिश्रित हिंदी चालते, पण माझ्या हातून असं शुद्धलेखन कधी झालं नाही. शिवाय पाचवं आणि नववं नाव एकच होतं: भावसिंग धावजी राठोड. आपण कोणाचं नाव आधीच लिहिलं आहे, हेही मास्तरच्या लक्षात राहिलं नव्हतं.

सर्व्हर म्हणाला: शेवटचा बदल २ जुलै, सकाळी अकरा चाळीस. संग्रहात ४ जुलैची प्रत होती, तिच्यातही हीच बारा नावं. मला राग आला; बनाव तर असणारच, फक्त तो सापडत नव्हता. मी पान पेनड्राइव्हवर उतरवलं, एक प्रिंट काढली आणि गुरुवारी लोणझरीला गेले. असा बनाव करणारा माणूस समोर बसला की काही ना काही बोलून जातो.

आर्णीपर्यंत एसटी, पुढे ऑटो. गावाच्या अलीकडे बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथे एका घराच्या ओट्यावर चाळिशीचा एक माणूस उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. मी मास्तरांचं घर विचारलं, तर त्याने आधी ओंजळभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

"खा जी. गरम हायेत. मी भावसिंग. त्या यादीतला."

"तुम्ही फवारलं नाही यंदा?"

"कसा फवारीन? मास्तरनं नाव लिहिलं, अन् आमच्या रामीनं पंपच लपवून ठेवला. अजून सापडून नाही राह्यला." तो मोठ्याने हसला. आतून बांगड्या वाजल्या आणि एक बाई दारात येऊन उभी राहिली. कोपरापासून वर दंडापर्यंत सवाष्णीचा पांढरा चुडा. ती हसली नाही, फक्त नवऱ्याकडे बघत राहिली.

अशी ही माणसं, मी मनात म्हटलं. मास्तरने नाव लिहिलं की पंप लपवतात. नसतं लिहिलं तर औषधाने आंघोळही केली असती.

अश्वजित मास्तर साठीचे, बारीक, नीट इस्त्री केलेला सदरा घातलेले. त्यांच्या बायकोने, दीपमालाबाईंनी, पाणी आणून दिलं आणि त्या चुलीपाशी जाऊन बसल्या.

"हीच बारा नावं का?" मी विचारलं.

"आली तशी लिहिली."

"कुठून आली?"

"लिहायले बसलो तं आली. मले बी समजलं नाही, मॅडम. गावात फवारणारे दोनशे. बाकीच्यांचं नाव नाही आलं." ते हाताच्या नखांकडे बघत होते. "अकरा जणांनं ऐकलं. रामधन हासला."

मी आणखी काही विचारलं नाही. देवदेव न मानणाऱ्या घरात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असताना हा माणूस मला सांगत होता की नावं 'आली'. ऑटोत बसताना मी उरलेल्या शेंगा रस्त्यावर टाकून दिल्या.

शुक्रवारी दुपारी अहवालाची तयारी करताना मी प्रिंट समोर घेतली. तारीख मोडता येत नव्हती. निदान लिहिणारा किती बेफिकीर आहे एवढं तरी दाखवायचं होतं. हातात पेपर तपासायचं लाल पेन होतं. 'खालिल'चं 'खालील' केलं. 'फवारनी'चं 'फवारणी', 'करु'चं 'करू'. मग नवव्या नावावर जाड रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं: 'पुनरुक्ती'. ते करताना मला बरं वाटलं, हे कबूल करते. कागद फाइलमध्ये ठेवला, फाइल कपाटात, आणि कपाटाला कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी अहवालात संगणकाच्या पडद्याचं चित्र जोडायचं म्हणून पान पुन्हा उघडलं.

'खालील लोकांनी या खरिपात कपाशीवर औषध फवारणी करू नये.'

खाली अकरा नावं. भावसिंग एकदाच.

मला पहिल्यांदा आनंद झाला. सापडला! मी येऊन गेल्यावर मास्तर घाबरला आणि पान दुरुस्त करत बसला. आता सर्व्हर त्याला तोंडघशी पाडणार होता. मी विचारलं. उत्तर आलं: शेवटचा बदल २ जुलै, सकाळी अकरा चाळीस.

संग्रहातली ४ जुलैची प्रत काढली. ती प्रत मास्तर बदलू शकत नाही, मी बदलू शकत नाही, कोणीच बदलू शकत नाही. तिच्यात 'फवारणी' होतं. अकरा नावं होती.

पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये अकरा नावं होती.

मग मी कपाट उघडलं. प्रिंटवर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. कागद उजेडात तिरपा धरून पाहिला. पेनाचा दाबही उमटलेला नव्हता.

कोणीतरी कागद बदलला, हे मी स्वतःला दोन दिवस सांगत राहिले. कोणी? किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आपण थकलो आहोत, असंही सांगून पाहिलं. दुसरं कोणी मला असं काही सांगितलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

सोमवारी पुन्हा लोणझरी. तांड्यापाशी ऑटो थांबवला नाही, थेट मास्तरांकडे गेले.

"यादीत बारा नावं होती," मी बसण्याआधीच म्हटलं.

"अकरा होती, मॅडम."

"भावसिंग धावजी राठोड दोनदा होता."

"त्या नावाचे तांड्यात दोघं होते. चुलतचुलत भाऊ. बापाचं नाव बी एकच. पण यादीत एकदाच आलं. थोरल्यानं समजून घेतलं की आपलंच हाये. धाकट्याले वाटलं, आपलं नाही."

"होते म्हणजे?"

"धाकटा पोळ्याच्या चार दिवस आधी गेला. औषधानंच."

"मी गुरुवारी त्याच्याशी बोलले. ओट्यावर बसला होता, बायको रामी दारात होती. त्याने मला शेंगा दिल्या."

चुलीपाशी दीपमालाबाईंचा हात थांबला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कीव होती. माझ्याकडे आजवर कोणी तसं पाहिलेलं नव्हतं.

"गुरुवारी तुम्ही तांड्यात थांबल्याच नाही, मॅडम. सरळ इथं आल्या, अन् इथून गेल्या."

मी पायीच तांड्यात गेले. ओटा तोच. त्यावर एक फवारणीचा पंप उलटा पडलेला होता, त्याचा पट्टा कोणीतरी कापून नेलेला. रामीबाई दारात बसली होती. तिचे हात उघडे होते. दंडावर जिथे चुडा होता, तिथली कातडी बाकीच्या हाताहून उजळ दिसत होती, एकाखाली एक पट्टे.

"मले कायले भेटता?" ती म्हणाली. "ज्यांची नावं होती त्यांच्या घरी जा."

"तुमच्या नवऱ्याचं नाव यादीत असतं तर?"

तिने विचार केला नाही.

"तं मी पंप लपवून ठेवला असता."

घरी पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. चप्पलही न काढता मी कपाट उघडलं, प्रिंट टेबलावर पसरली आणि लाल पेन घेतलं. अकराव्या नावाखाली, शुद्ध, ठळक अक्षरांत लिहिलं: १२. भावसिंग धावजी राठोड. खाली कंसात लिहिलं: धाकटा. कोणाचीही चूक होऊ नये म्हणून.

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या खोट्यासाठी हात जोडले असतील.

मंगळवारी सकाळी पान उघडलं. बारा नावं होती. शेवटचं नाव काळ्या अक्षरांत, बाकीच्यांसारखंच. 'धाकटा' हा शब्दसुद्धा.

मी खुर्चीत मागे टेकले. डोळे भरून आले. तो ओट्यावर बसला असेल. पंप सापडत नसेल.

मग सवयीने सर्व्हरला विचारलं.

पान तयार झालं: ९ ऑक्टोबर २०१७. संध्याकाळी पाच वीस.

पुन्हा विचारलं. तेच.

संग्रह उघडला. ४ जुलैची प्रत नव्हती. जुलैची नव्हती, ऑगस्टची नव्हती, सप्टेंबरची नव्हती. या पानाची पहिली प्रत ९ ऑक्टोबरची. त्याआधी असं पान कधी नव्हतंच.

नव्हतंच. म्हणजे जुलैत कोणी काही वाचलं नाही. कोणत्याही घरात कोणी पंप लपवला नाही.

फोन वाजला. काळबांडे.

"मॅडम, रिपोर्ट वाचला. एक नंबर! पान सगळं झाल्यावर लिहिलं, हे इतकं स्वच्छ कोणी मांडू शकलं नसतं. आता मास्तर कोर्टात उभाच राहू शकत नाही."

"मी अजून रिपोर्ट दिलेला नाही."

"काल संध्याकाळी तुम्हीच तर आणून दिला." ते हसले. "बाराही जण मेल्यावर यानं यादी केली, आणि म्हणतो सावध केलं होतं. निर्लज्ज माणूस."

"बारा?"

"यादीतले बारा. आणि मॅडम, ते जबाब घ्यायची कल्पना तर फारच छान. त्यानं केस पक्की झाली."

"कोणते जबाब?"

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. त्यांनी फोन ठेवला.

फाइल टेबलावरच होती. अहवालाच्या प्रतीमागे बारा कागद टाचलेले होते. अक्षर माझं होतं. प्रत्येक कागदावर एका बाईचं नाव, गाव लोणझरी, आणि एकच प्रश्न: 'फवारणीआधी तुम्हाला किंवा तुमच्या नवऱ्याला कोणी सावध केलं होतं का?' खाली उत्तर: नाही. त्याखाली अंगठा.

मी बाराही कागद वाचले. एकही चूक नव्हती. शेवटचा जबाब रामीबाईचा होता.

पाणी प्यायला उठले. मोरीपाशी नळ सोडला, आणि हात पुढे केला तेव्हा दिसलं. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना जांभळी शाई लागलेली होती. दुसऱ्याचा अंगठा धरून कागदावर दाबला की लागते, तशी.